घामाचा व्हायवा

आमच्या सिद्धेश्वरला, पूर्णेच्या धरणाकाठी, मे महिन्यात सगळेच घामाघूम असतात. कोणी काही विचारत नाही. पण व्हायवाला पंख्याखाली बसूनही कपाळावरून धारा लागल्या की लगेच "फाटली रे याची"! मित्रांनो, हा भित्रेपणाच असतो असं नाही, घर्मग्रंथींना नसांकडून जादा सिग्नल जातो. छातीतली नस कापायचं ऑपरेशन आहे. चेहरा कोरडा होतो, पण बऱ्याच जणांना मग पाठीपोटावर घाम फुटतो, अन् कापलेली नस जुळवून मिळत नाही. बोटॉक्स काही महिनेच टिकतं, खर्च पुन्हा पुन्हा, वर भुवई उतरायची भीती. ग्लायकोपायरोलेटच्या गोळीने तोंड सुकतं, पण गोळी बंद तरी करता येते! म्हणून माझं मत, आधी त्वचारोगतज्ज्ञ, मग मलम-गोळी, ऑपरेशन अगदी शेवटी. आणि सर, व्हायवात रुमाल काढला तर मार्क कापू नका ना.