पाऊसकाळ कुणाचा चांगला?

दीर्घकालीन सरासरीच्या 96 ते 104 टक्के पाऊस झाला की हवामान खातं त्याला सर्वसाधारण म्हणतं. देशासाठी हे माप ठीक आहे; सातारा-सांगलीला ते पुरत नाही.

2019 आठवा. ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. त्याच महिन्यात जत, आटपाडीच्या गावांना टँकर पाणी पुरवत होते. देशाच्या हिशेबात तो पावसाळा सरासरीहून सरस ठरला!

कोयना भरली, 105 टीएमसी झाली, की आपण सुटकेचा श्वास घेतो. पण माणदेशाला आस असते ती परतीच्या पावसाची. रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर येते. आणि तोच पाऊस ऑक्टोबरात तासगावच्या छाटलेल्या द्राक्षबागांवर दावण्या आणतो. मग मोसमाला एकच शेरा कसा द्यायचा? महाबळेश्वर आणि दहिवडी एकाच जिल्ह्यात आहेत, म्हणून त्यांची सरासरी काढणं मला अन्यायाचं वाटतं.

यंदाचा पाऊस कसा झाला, हे वाचकांनी आपापल्या गावाचं, पिकाचं नाव घालून आम्हाला कळवावं.