पडद्यावरचे आकाश, दप्तरातला अंधार

देशभक्तीपर युद्धपटांकडे संशयाने पाहण्याची सवय आता अनेकांना जडली आहे आणि ती अकारण नाही. तरीही जानेवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झालेला ‘स्काय फोर्स’ मी मनापासून आनंद घेत पाहिला, हे कबूल केले पाहिजे. त्यातील दोष लपणारे नाहीत. संवाद अनेकदा घोषणांच्या वळणाने जातात, गाणी कथेच्या वाटेत आडवी येतात, काही उड्डाणे संगणकावर घडवलेली असल्याचे सहज जाणवते. पण विमाने झाडांच्या शेंड्यांवरून झेपावू लागली, की हे सारे आक्षेप बाजूला पडतात.

या थराराला आधार आहे तो एका सत्यघटनेचा. ६ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानने पठाणकोटच्या तळावर हल्ला करून आपली विमाने जमिनीवरच नष्ट केली. दुसऱ्या दिवशी पहाटे आदमपूरहून निघालेल्या ‘मिस्टेअर’ विमानांनी सरगोधा गाठले. हे लक्ष्य त्यांच्या पल्ल्याच्या जवळजवळ टोकावर होते. रेंगाळण्याइतके इंधन कोणाकडेच नव्हते. या मोहिमेत राखीव असलेले स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या हेही सामील झाले. परतीच्या वाटेवर ध्वनीच्या दुप्पट वेगाची क्षमता असलेले ‘स्टारफायटर’ त्यांच्यावर चालून आले. स्वतःच्या विमानाला मार बसलेला असतानाही देवय्या उलटून भिडले आणि त्यांनी ते अधिक आधुनिक विमान पाडले. पाकिस्तानी वैमानिक छत्रीने उतरून बचावला. देवय्या परतले नाहीत.

आपल्या दप्तरी ते ‘बेपत्ता’ राहिले. त्यांचा पराक्रम उजेडात आला तो जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी हवाई दलाच्या सहकार्याने लिहिलेल्या, १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे. देवय्यांच्या स्क्वाड्रनचे तेव्हाचे प्रमुख ओ. पी. तनेजा यांनी पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये, म्हणजे २३ वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. चित्रपटाने पात्रांची नावे बदलली, प्रसंगांना मुलामा दिला. पण हरवलेल्या सहकाऱ्याचा माग सोडायला तयार नसलेला अधिकारी त्याने कथेच्या मध्यभागी ठेवला. उत्तरार्धात चित्रपट युद्धाचा न राहता शोधाचा होतो आणि तिथेच तो सर्वाधिक मनाला भिडतो. शत्रुपक्षाच्या वैमानिकालाही तो माणूस म्हणून पाहतो, हेही आज लहान श्रेय नव्हे.

प्रश्न असा, की आपल्या वीराची कहाणी आपल्याला दुसऱ्याच्या पुस्तकातून का कळावी? संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९६५ च्या युद्धाचा वृत्तान्त १९९२ मध्ये सिद्ध केला. तो अनेक वर्षे कपाटबंद राहिला. १९६२ च्या पराभवाची मीमांसा करणारा, १९६३ मध्ये सादर झालेला हेंडरसन ब्रूक्स अहवाल आजही अधिकृतरीत्या खुला नाही. ही गोपनीयता बहुधा अपयश झाकण्यासाठी पाळली जाते, पण तिच्याखाली शौर्यही गाडले जाते. पठाणकोटची हानी आणि सरगोध्यावरील धाडस ही एकाच कथेची दोन पाने आहेत. एक दडवून दुसरे वाचता येत नाही.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने या बाबतीत समंजस धोरण मंजूर केले: युद्ध संपल्यावर २ वर्षांत समिती, पुढील ३ वर्षांत इतिहासाचे संकलन आणि सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी कागदपत्रे खुली. धोरण चांगले आहे. कसोटी अंमलबजावणीची आहे. या हिशेबाने १९६२, १९६५ आणि १९७१ यांचीच नव्हे, तर १९९९ च्या कारगिलचीही मुदत उलटली आहे. सैन्याच्या चुका नागरिकांना कळल्याने सैन्य दुबळे होत नाही. त्या न कळल्याने मात्र पुढच्या पिढीतील अधिकारी त्याच चुका पुन्हा करू शकतात.

चित्रपटाने इतिहासाची जागा घ्यावी, अशी अपेक्षा नाही. त्याने रंग भरावेत, वेग द्यावा, प्रेक्षकाला खुर्चीच्या कडेवर आणावे. मात्र चित्रपटगृहातून बाहेर पडलेल्या तरुणाला ‘यातले खरे किती?’ असा प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर राष्ट्रीय अभिलेखागारात सापडले पाहिजे. ते सापडत नाही, तोवर पडद्यावरचीच आवृत्ती त्याच्या मनात इतिहास म्हणून रुजेल आणि त्याचा दोष दिग्दर्शकाला देता येणार नाही.