अंगावरून वारं गेलं, तर आधी मेंदूचा स्कॅन



"दवाखान्यात गेलं की आधी स्कॅन, सगळा बिलाचा खेळ!" ही तक्रार आपल्या चितेगावात घरोघरी ऐकू येते. एरवी तिच्यात तथ्य असेलही. पण अंगावरून वारं जातं, म्हणजे पक्षाघात होतो, तेव्हा या शंकेपायी खोळंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा झटका दोन प्रकारचा असतो. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, दुसऱ्यात ती फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच: तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतं. उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्रावात दिलं तर जिवावर बेतेल. नुसतं तपासून हा फरक खात्रीने कळत नाही. सीटी स्कॅनमध्ये काही मिनिटांत कळतो. म्हणूनच घरातली अ‍ॅस्पिरिनची गोळी आपल्या मनाने देऊ नका. पाणीही पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

ते इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. एक सामायिक 48 मिनिटांचं, म्हणजे हातात जेमतेम साडेपाच सामायिकांएवढा वेळ. त्यातून गाडी मिळेपर्यंतचा वेळ आणि पैठण रोडची गर्दी वजा करा. मग स्कॅन नसलेल्या दवाखान्यात सलाइन लावून बसणं कसं परवडेल? 108 ला फोन करा आणि स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

झोपेत झटका आला, वेळ कळली नाही, तर? माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ते डॉक्टरांना सांगा. 2018 मध्ये छापून आलेल्या दोन अभ्यासांत, स्कॅनमध्ये मेंदूचा वाचण्याजोगा भाग दिसलेल्या निवडक रुग्णांना नळी घालून गुठळी काढल्याचा फायदा झाला. एकात 16, तर दुसऱ्यात 24 तासांपर्यंत. म्हणजे उशीर झाला म्हणून आशा सोडायची की नाही, हेही स्कॅनच ठरवतो.

आपल्या घरांत आणखी एक धोका आहे. अठ्ठाई चालू असताना कुणी कोसळलं की "अशक्तपणा असेल, पारण्यानंतर बरं वाटेल" म्हणून निजवतात. उपासाने सगळं अंग गळतं, एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडत नाही. व्रताचं काय, ते महाराजसाहेबांना नंतर विचारता येईल.

रात्री दोन वाजताही सीटी स्कॅन कुठे चालू असतो, हे आजच विचारून घ्या आणि तो नंबर स्वयंपाकघरात, सगळ्यांना दिसेल असा लावून ठेवा.