पहिली पंधरा मिनिटे कुणाची?

शहाडच्या उड्डाणपुलाजवळ पहाटे उभे राहिले, की कल्याण–मुरबाड रस्त्याच्या कडेला रात्रभर विसावलेले मालट्रक एकामागून एक जागे होताना दिसतात. एखादा चालक स्टार्टर मारताच जोराने रेस करून गाडी रस्त्यावर घेतो. दुसरा इंजिन चालू ठेवून चहाला जातो आणि अर्ध्या तासाने परततो. पहिला घाईला बळी पडलेला असतो, दुसरा जुन्या समजुतीला. वरवर पाहता ही यंत्रविद्येतील किरकोळ बाब आहे; प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र हा श्रमाच्या मोजमापाचा प्रश्न आहे.

आधी यंत्राची बाजू पाहू. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील वंगण इंजिनाच्या तळाशी उतरलेले असते. ते वरच्या भागांपर्यंत आणि टर्बोचार्जरच्या बेअरिंगपर्यंत पोहोचण्यापूर्वीच रेस केली, तर धातूवर धातू घासतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकांची गोष्ट याहून गंभीर आहे. टाक्यांत पुरेसा दाब भरण्याआधी, धोक्याची सूचना मिळत असताना गाडी हलविणे म्हणजे रस्त्यावरील माणसाच्या जिवाशी खेळणे होय.

म्हणून रीत अशी असावी : सुरू करण्यापूर्वी तेल-पाणी पाहावे आणि गाडीभोवती फिरून टायर, दिवे व गळती तपासावी. इंजिन सुरू झाल्यावर तेलाच्या दाबाचा दिवा विझल्याची खात्री करावी. रेस न करता तीन ते पाच मिनिटे थांबावे. हवेचा दाब तोवर भरला नसेल, तर भरेपर्यंत थांबावे. पुढील काही किलोमीटर हलक्या पायाने चालवावे, कारण इंजिन नीट तापते ते चालतानाच.

अर्धा तास इंजिन उभे चालविणे हीदेखील काळजी नव्हे. आपल्याकडे हिमालयातील थंडी नाही. उभ्या इंजिनात काजळी साठते आणि तासाला दोन-तीन लिटर डिझेल वाया जाते. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला आहे. तो धूर प्रथम जातो केबिनमध्ये झोपलेल्या क्लीनरच्या छातीत. बंद शेडमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नये; तेथे कार्बन मोनॉक्साइड माणसाचा जीव घेतो.

एवढे सोपे असूनही चालक घाई का करतो? कारण त्याची कमाई बहुधा खेपेवर ठरते. चाक फिरले तरच काम झाले, असा हा हिशेब आहे. इंजिनाची झीज मालकाच्या वहीत दुरुस्तीखर्च म्हणून नोंदली जाते. चालकाच्या मिनिटांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. तयारीची रोज पंधरा मिनिटे आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर ७५ तास होतात. म्हणजेच आठ तासांचे नऊहून अधिक दिवस. एवढे श्रम विनामोबदला घेतले जातात आणि ते टाळले, तर बेफिकिरीचा ठपकाही चालकावरच येतो!

वास्तविक, हे श्रम कायद्याला अपरिचित नव्हते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने गाडी ताब्यात घेणे, तिची देखभाल, माल चढविणे-उतरविणे ही अनुषंगिक कामे कामाच्या तासांतच धरली होती. मात्र पाचांपेक्षा कमी कामगार असलेल्या उद्योगांना तो लागू नव्हता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडील चालक त्यामुळे मुळातच कक्षेबाहेर राहिला. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला.

कार्यकर्त्यांनी म्हणूनच दुहेरी काम हाती घ्यावे. चालकांच्या सभेत इंजिन तापविण्याची योग्य रीत समजावून सांगावी, जुनी समजूत स्पष्टपणे खोडून काढावी. मालकांकडे मात्र मागणी करावी, की कामाची वेळ पहिले चाक फिरल्यापासून नव्हे, तर चालक गाडीपाशी आल्यापासून मोजावी. इंजिनाला थंडपणातून सावरण्यास वेळ लागतो हे मालकाला पटते. तो वेळ देणाऱ्या माणसाचा मोबदलाही त्याला पटवून द्यावा लागेल. संघटनेवाचून तो पटणार नाही.