ब्रेकचा आवाज आणि गॅरेजवाल्याची मजुरी

ब्रेक दाबला की गाडी किंचाळते, मालक घाबरून गॅरेज गाठतो आणि तेथे बहुधा ठरलेले उत्तर मिळते : पॅड बदलावे लागतील. आमच्या मते ही घाई गिऱ्हाइकाला तर महाग पडतेच, पण शेवटी धंद्यालाही परवडत नाही.

पॅड डिस्कवर घासताना दोन्ही अतिशय वेगाने थरथरतात. त्या थरथरीचाच कर्कश सूर आपल्या कानी पडतो. पॅड झिजल्यामुळेच तो येतो असे नाही. रात्रभर पाऊस झाला की डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी चार-सहा वेळा ब्रेक मारला की तो निघून जातो आणि आवाजही थांबतो. उलट पुष्कळ पॅडना पत्र्याची एक पट्टी असते. पॅडचा थर 2-3 मि.मी. उरला की ती डिस्कला घासते आणि ओरडते. तो इशारा असतो. तेथे पॅड बदललेच पाहिजेत. किंचाळण्याऐवजी जाड खरखर आली तर लोखंडावर लोखंड घासत असते. अशी गाडी चालवूच नये.

खरी मेहनत यांच्या मधल्या दुखण्यांत असते. कॅलिपरच्या पिना सुकून अडकतात, पॅडचे तोंड काचेसारखे गुळगुळीत होते, पाठीमागचा शिमचा पत्रा बसवायचा राहून जातो. चाक उतरवून सफाई केली, पिनांना व पॅडच्या पाठीला ब्रेकसाठीचे, उष्णता सोसणारे ग्रीस लावले की बरेचदा काम होते. पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला मात्र तेलाचा थेंबही लागता कामा नये. आवाज घालवायला तेल सोडणारे महाभाग आहेत. आवाज जातो, ब्रेकही जातो! आतली धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या कापडाने पुसावी. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर ते मिस्त्रीच्याच फुप्फुसात जाते.

अडचण आहे ती मजुरीची. पॅडच्या खोक्यावरची छापील किंमत गिऱ्हाईक मुकाट्याने देते, सफाईचे पैसे देताना कुरकुरते. मग गॅरेजवालाही सुटे भाग विकूनच आपली मजुरी काढतो. त्यापेक्षा तपासणीचा दर फलकावर लिहावा, पॅड काढून त्याची जाडी गिऱ्हाइकाला दाखवावी. आणि पॅड न बदलता गाडी नीट करून देणाऱ्या मिस्त्रीशी गिऱ्हाइकानेही घासाघीस करू नये.