रंग, साज आणि पारख

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण आपण दोन अर्थांनी वापरतो. कोणी ऐपतीबाहेर खर्च केला म्हणजे ती उपहासाने म्हटली जाते, आणि कोणी एखाद्या गोष्टीसाठी मनापासून झटला म्हणजे तीच कौतुकाने म्हटली जाते. वाहनांच्या हौसेविषयी मात्र वडीलधाऱ्यांच्या मनात बहुधा पहिलाच अर्थ असतो. गाडी कोणती घ्यावी, तिचा रंग कोणता असावा, छप्पर कापडी असावे की पक्के, चाके तारांची असावीत की मिश्रधातूची, असल्या प्रश्नांवर तरुण मंडळी तासन् तास वाद घालताना दिसली, की ‘चाके फिरली म्हणजे झाले’ असा शेरा मारून ज्येष्ठ मंडळी उठून जातात. हा शेरा आम्हांस अन्यायाचा वाटतो. ज्याला दहा वस्तूंतून एक निवडता येते व ती का निवडली हे सांगता येते, त्याने त्या वस्तूचा काही अभ्यास केलेला असतो. अभ्यास कशाचाही असो, शिक्षकाने त्याची टिंगल करू नये.

आपल्या पूर्वजांनी तरी घोडा घेताना दुसरे काय केले? शालिहोत्राच्या नावावर चालत आलेल्या अश्वशास्त्रात घोड्याचा रंग, अंगावरचे भोवरे, खूर, दात, चाल या सर्वांची लक्षणे सांगितली आहेत. चारी पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा शुभ मानीत. कुमाईत, अबलख अशी नुसत्या रंगांची नावे आपल्या भाषेत रूढ झाली. त्यांत भाबडेपणा होता, हे खरे. पण भीमथडीचे तट्टू निवडणारा शिलेदार भाबडा नव्हता. अरबी घोड्यापुढे ते तट्टू दिसायला अगदीच साधे. परंतु घाटवाटा चढावयाच्या, थोड्या चाऱ्यावर मजल मारावयाची, तर तेच उपयोगी, हे त्याला ठाऊक होते. आधी जनावर, मग त्यावरचा साज, हा त्याचा क्रम होता.

मोटारींच्या जगात रंगाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटी इतकी निघाली. प्रारंभी ती हिरवी, तांबडी, करडी अशी मिळे. पण १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगातच मिळत असे. काळा रंग स्वस्त व टिकाऊ होता, आणि गाड्या भराभर काढावयाच्या तर रंगांची विविधता परवडणारी नव्हती. पुढे लवकर वाळणारे नवे रंग निघाले, प्रतिस्पर्धी कारखान्यांनी रंगीत गाड्या बाजारात आणल्या आणि फोर्ड यांनाही आपला हट्ट सोडावा लागला. ग्राहकाला निवड करावयास मिळाली, तर तो ती करतोच.

शर्यतीच्या गाड्यांचे रंग तर देशांवरून ठरले. विसाव्या शतकाच्या आरंभी आंतरराष्ट्रीय शर्यतींत इटलीच्या गाड्या लाल, फ्रान्सच्या निळ्या, इंग्लंडच्या हिरव्या व जर्मनीच्या पांढऱ्या असत. जर्मन गाड्या १९३० नंतरच्या दशकात रुपेरी झाल्या. फेरारी म्हटली की ती लालच, असे आपल्याला वाटते ते यामुळेच. तिच्या बोधचिन्हातील पिवळा रंग मात्र मोदेना शहराचा आहे, म्हणजे देशाचा नव्हे, आपल्या गावाचा. हौशी ग्राहक इंग्रजी गाडी हिरवीच हवी म्हणून अडून बसतो तेव्हा तो नुसता रंग मागत नसतो. एक जुनी गोष्ट आपल्या दाराशी यावी, असे त्याला वाटत असते. आम्हांस हे वेडेपण समजते. लग्नात नवरीला हिरवा चुडा का, असे आपण कोठे विचारतो?

साजाच्या बाबतीत खरा हौशी कसा वागतो, याचे एक उदाहरण फार बोलके आहे. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने १९७२ साली ‘९११ कॅरेरा आर. एस.’ ही गाडी काढली. शर्यतीच्या नियमांसाठी पाचशे गाड्या विकणे भाग होते. प्रत्यक्षात १,५८० निघाल्या. बहुतेकांनी ती सुखसोयींसह घेतली. पण सुमारे दोनशे ग्राहकांनी जास्त पैसे भरून गाडीतून वस्तू काढून टाकलेला प्रकार घेतला! मागची आसने नाहीत, घड्याळ नाही, जाड गालिचा नाही. वजन कमी आणि वेग अधिक. इंग्लंडची ‘लोटस सेव्हन’ (१९५७) याच पंथातील. ती सुट्या भागांच्या रूपाने घेऊन घरी जोडली तर कर वाचे, म्हणून पुष्कळांनी ती आपल्या अंगणातच उभी केली. आपल्याकडे अलिबागजवळच्या चिंकारा नावाच्या छोट्या कारखान्याने पुढे याच धर्तीची उघडी गाडी बनविली. जो आपल्या हाताने बोल्ट आवळतो, त्याला कोणता भाग शोभेचा आणि कोणता कामाचा, हे पुन्हा सांगावे लागत नाही.

आता हे सारे हरमलच्या वाचकांनी का वाचावे? आमच्या रस्त्यांवर फेरारी धावत नाही. २००२ साली सचिन तेंडुलकर यांना ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल लाल फेरारी भेट मिळाली. पुढे तिच्या आयातकराच्या माफीवरून देशभर वाद झाला व शेवटी तो कर कंपनीनेच भरला, हे पालकांना आठवत असेल. तसली गाडी जमिनीपासून अर्ध्या वितीहून थोडीच उंच असते. पेडण्याच्या एखाद्या गतिरोधकावर ती अशी बसेल की उतरवावयास चार माणसे लागतील. आमच्या गावची खरी हौस दोन वाहनांची आहे: बुलेट आणि थार.

बुलेटची कथा लांबची आहे. मूळ कारखाना इंग्लंडातील रेडिच गावचा. १९५५ साली मद्रासेत भारतीय कारखाना निघाला. इंग्लंडातील कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, पण मद्रासचा कारखाना चालूच राहिला. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. ती सुरू करावयाची तर एक छोटी कळ दाबून, विद्युत्मापकाचा काटा मध्यावर आणून, मग नेमकी लाथ घालावी लागे. चुकल्यास गाडीच उलट लाथ घाली. ३४६ घन सेंटिमीटरचे एकच सिलिंडर, त्यात ७० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या ९० मिलिमीटर वर-खाली होतो. तिचा तो धिमा, दमदार ठोका या लांब हेलकाव्यातून येतो. २०१० च्या सुमारास बिडाचे इंजिन जाऊन नवे आले. तरीही जुने इंजिन शोधीत फिरणारे हौशी आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांत परदेशी पाहुणे कमी नाहीत. काळ्या टाकीवरच्या सोनेरी रेघा कारखान्यात कारागीर हाताने ओढतात. म्हणून कित्येकांना काळीच बुलेट हवी असते. या निवडीत ज्ञान आहे, आदर आहे. सायलेन्सर बदलून तोच ठोका शेजाऱ्यांच्या झोपेवर घालणाऱ्याला मात्र आम्ही हौशी म्हणणार नाही. त्याला आवाजच हवा असेल तर शिगम्याचा ढोल पुरे आहे.

त्याच कंपनीची २०१८ ची एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने खाली सोडल्या जाणाऱ्या छोट्या मोटारसायकलीच्या स्मरणार्थ कंपनीने ‘पेगासस’ नावाने एक हजार गाड्या काढल्या. त्यांतील २५० भारतासाठी होत्या. रंग लष्करी. त्यातला हिरवा आपल्याकडे सैन्यासाठी राखीव असल्यामुळे येथे फक्त तपकिरी मिळाला. अंगी क्रमांक, बाजूला कॅनव्हासच्या पिशव्या. आतील यंत्र मात्र नेहमीचेच. या २५० गाड्या १७८ सेकंदांत विकल्या गेल्या. काही आठवड्यांतच त्याच कंपनीची, तिच्याहून स्वस्त, लष्करी धाटणीची दुसरी गाडी आली आणि तिला अँटीलॉक ब्रेक होते, पेगाससला नव्हते. ब्रेक जोरात दाबला असता चाक जागीच जखडू न देणारी ही योजना आहे. पावसाळ्यात चिऱ्याच्या तांबड्या मातीचा राडा रस्त्यावर आला की तिचे मोल कळते. १७८ सेकंदांत रंग पाहून होतो. ब्रेक पाहून होत नाही.

थारची गोष्ट निराळी. तिचे कूळ महिंद्र कंपनीच्या जीपचे. १९४७ साली मुंबईत विलिस जीप जोडण्यापासून त्या कुळाचा आरंभ झाला. आजची थार २०२० साली आली. मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत वाहतुकीस खुला झाल्यापासून काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या थार आमच्या वाटांवर अधिकच दिसू लागल्या, आणि त्यांत उघड्या छपराची लाल गाडी हमखास असते. पाहुणा दोन दिवसांसाठी येतो; त्याला छायाचित्रात लाल रंग हवा, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण २०२३ सालीच थारचा एक स्वस्त प्रकार निघाला. रूप तेच; चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा मात्र नाही. शहरात राहणाऱ्याने तो विचारपूर्वक घेतला तर तो शहाणपणाच. मौज अशी की तो न विचारता घेतलेले कित्येकजण, समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी असतानाही, वाळूत शिरतात आणि मग रापणीच्या माणसांना दोर घेऊन बोलावतात.

यंदा आम्ही नववीच्या वर्गाला निबंधाऐवजी एक प्रश्न घातला: तुम्हांला आवडणारे वाहन निवडा, त्याचा रंग व तीन जोडवस्तू सांगा, आणि प्रत्येकीचे कारण लिहा. वाहन आणि रंग सर्वांनी क्षणात लिहिला. कारणापाशी लेखण्या थांबल्या. लाल रंग का, असे विचारता एकाने आमच्या घरच्या बोलीतच उत्तर दिले, ‘तांबडो बरो दिसता.’ उत्तर प्रामाणिक, पण तेवढ्यावर गुण कसे द्यावे? बाजारात मासे विकणाऱ्या आईच्या एका मुलीने साधी पांढरी स्कूटर निवडली होती. पांढरा रंग उन्हात कमी तापतो व रात्री लांबून दिसतो. टोपली बसावी म्हणून पुढे सपाट जागा हवी. आणि चकचकीत क्रोमचे काहीही नको, कारण खाऱ्या वाऱ्याने त्याला वर्षभरात गंज चढतो. एका मच्छीमाराच्या मुलाने तर वाहन सोडून वडिलांच्या होडीविषयीच लिहिले: नारिंगी रंग यासाठी की पावसाळी धुक्यात दुसऱ्या होडीला ती लांबून दिसावी, आणि निळा पट्टा यासाठी की तो आजोबांच्या होडीलाही होता. आपले वाहन कोणते ते लिहावयाचे तो विसरून गेला. आम्ही त्याला पूर्ण गुण दिले.

गाडीवाल्या पायलटांना तर रंगाची निवडच नसते. काळी मोटारसायकल आणि पुढे पिवळा मडगार्ड हा गोव्यात त्यांचा गणवेशच आहे. पण त्यांच्या गाडीची बैठक, आरसे, टायर पाहावेत. दिवसभर परक्या माणसाला मागे बसवून हिंडणारा मनुष्य कोठे पैसे घालतो आणि कोठे घालीत नाही, हे पाहिले तर साजाचे शास्त्र वेगळे शिकावे लागणार नाही.

पालकांशी आमचे बोलणे थोडे कडक आहे. दहावीचा निकाल लागला की मुलगा गाडी मागतो, आणि कर्ज काढून ती घेतलीही जाते. कायद्याप्रमाणे गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला वा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मला ठाऊक नव्हते’ हे सिद्ध करावयाचे ओझेही पालकावरच असते. तीन वर्षे वाट पाहावी लागणार असेल तर ती हौशी मुलाला फुकट जावयाची नाहीत. त्याने तेवढ्यात यंत्र समजून घ्यावे, मेकॅनिकच्या दुकानात पाने द्यावे-घ्यावे, कोणत्या गाडीला सुटे भाग पेडण्यात मिळतात व कोणत्या गाडीसाठी म्हापशाला धावावे लागते, याची वही करावी.

आणि जोडवस्तूंची यादी घरी बसून करावी, दुकानात नव्हे. मोटारींत चालकापुढील हवेची पिशवी २०१९ च्या जुलैपासून सक्तीची झाली. त्यापूर्वी ती कित्येक गाड्यांच्या महागड्या प्रकारांतच मिळे, आणि तेवढेच पैसे मिश्रधातूच्या चाकांवर व गाण्याच्या यंत्रावर घालणारे पुष्कळ होते. दुचाकीच्या यादीत आजही तेच दिसते. संरक्षक कठडा, आसनाचे रंगीत कापड, टाकीवरचे चित्र, हँडलचे झुबके, आणि अगदी शेवटी शिरस्त्राण. नवी दुचाकी विकताना ते द्यावे असा नियम असल्यामुळे तेवढे एक मिळते. मागे बसणाऱ्यासाठी दुसरे कोणी मागत नाही. मग ते एकच शिरस्त्राण आमच्या शाळेसमोरून जाणाऱ्या कित्येक गाड्यांच्या आरशाला टांगलेले असते, आणि त्याचा रंग मात्र टाकीच्या रंगाशी अगदी बरोबर जुळवून घेतलेला असतो.