तुरुंगाची किल्ली कोणाच्या हुकमाची?

अमेरिकेतील एखाद्या काउंटीच्या तुरुंगात अधिकाऱ्याने कैद्याला ‘तुझा जन्म कुठला?’ असे विचारावे की नाही, हा वाद आपल्या वाचकांना दूरदेशीचा वाटेल. परंतु आपली मुले-नातवंडे आज तिकडे आहेत. आणि चार पिढ्या एकाच गावी काढूनही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाला ज्यांनी उत्तरे दिली आहेत, त्यांना त्यातली खोच समजावून सांगण्याची गरज नसावी.

१९९६ साली अमेरिकेच्या स्थलांतरविषयक कायद्यात ‘२८७-जी’ हे कलम आले. त्याअन्वये करार करून स्थानिक अधिकाऱ्यांना केंद्रीय स्थलांतर खात्याची कामे करता येतात. तुरुंगापुरत्या करारात तुरुंगाधिकारीच कैद्याचे नागरिकत्व तपासतो आणि ‘डिटेनर’ नावाचा कागद काढतो. सुटकेची वेळ झाल्यावरही ४८ तासांपर्यंत या माणसाला सोडू नका, अशी त्यात विनंती असते. विनंतीच, न्यायाधीशाचा हुकूम नव्हे. २०१७ पासून तिला वॉरंट जोडतात खरे, पण त्यावर सही असते ती स्थलांतर खात्याच्याच अधिकाऱ्याची!

माझा आक्षेप नेमका येथे आहे. बंदीपालाची सत्ता न्यायालयाकडून उसनी आलेली असते. जामीन मंजूर झाला, रक्कम भरली, की ती संपली. त्यानंतरचा प्रत्येक तास ही नवी अटक होय. पेनसिल्व्हेनियातील लीहाय काउंटीच्या तुरुंगात २००८ साली न्यू जर्सीत जन्मलेला एक अमेरिकन नागरिक जामीन भरूनही असाच अडकून पडला. २०१४ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने बजावले, की डिटेनर काउंटीवर बंधनकारक नाही. माणूस डांबून ठेवला तर त्याची जबाबदारी तिला झटकता येणार नाही. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तर केवळ अशा कागदावर अटक करण्याचा अधिकार राज्याच्या अधिकाऱ्यांना नाही, असाच निर्वाळा दिला.

‘पण हे तर गुन्हेगार!’ असे कोणी म्हणेल. काउंटीच्या तुरुंगातील बहुसंख्य माणसे कच्चे कैदी असतात, दोष सिद्ध न झालेले. दुसरा युक्तिवाद अधिक वजनाचा आहे: पहाटे घरावर धाड घालून लेकरांदेखत बापाला नेण्यापेक्षा तुरुंगाच्या दारातच ताब्यात घेणे बरे नव्हे काय? बरे खरेच. मग न्यायाधीशाचे वॉरंट आणा. तेवढा खटाटोप ज्या सरकारला जड जातो, त्याने माणुसकीचा हवाला देऊ नये.

करारामुळे काय घडते, हे ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीने दाखविले आहे. शेरीफ जो अर्पायो यांच्या कारभारात लॅटिनो लोकांना वंशावरून हेरले जाते, असा निष्कर्ष केंद्रीय न्यायखात्याने डिसेंबर २०११ मध्ये काढला. त्यावर तुरुंगाचा करार रद्द झाला. २०१३ मध्ये न्यायालयानेही भेदभाव झाल्याचे मान्य केले. रस्त्यावरच्या तपासणीचे करार पुढे थांबले होते. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या आदेशाने त्यांचे पुनरुज्जीवन झाले आणि त्याच वर्षी एकूण करारांची संख्या हजारावर गेली. सप्टेंबरात तर करारबद्ध यंत्रणांसाठी पगाराची परतफेड आणि कामगिरीनुसार बक्षिसे जाहीर झाली. माणूस शोधून देण्यावर इनाम!

केंद्राने स्थानिक अधिकाऱ्यांना सक्तीने राबवू नये, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच म्हटले आहे. तेव्हा करार हा स्वेच्छेचा, हा त्याच्या समर्थकांचा मोठा आधार. ती स्वेच्छा लोकांनी वापरलीही: नॉर्थ कॅरोलिनातील मेक्लेनबर्गमध्ये २०१८ साली आणि जॉर्जियातील ग्विनेटमध्ये २०२१ साली नवनिर्वाचित शेरीफांनी करार मोडला. टेक्सासच्या विधिमंडळाने २०२५ मध्ये यावर उपाय शोधला. तुरुंग चालविणाऱ्या शेरीफांना त्याने हा करार सक्तीचा केला. केंद्राला जी सक्ती करता येत नाही, ती राज्याच्या हातून झाली. त्या करारपत्रावर शेरीफची सही असेल. स्वेच्छा कोणाची, हे मात्र त्याला मत देणाऱ्यांनी कोणाला विचारायचे?